ठराव आधी, खबर नंतर

३० जून २०२१ रोजी वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक अशी २३ गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. ग्रामपंचायती संपल्या, सरपंच गेले, ग्रामसभाही गेली. बदल्यात नगरसेवक मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या साडेचार वर्षांत या गावांचा मिळकतकर महापालिकेकडे जात होता आणि त्यांचा विकास आराखडा मात्र पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, करत होते. डीपी रस्ता कुणाच्या शेतातून जाणार, टँकर कधी थांबणार, कचरा कुठे टाकणार, हे विचारायला जायचे कुठे? कर एका दारी, आराखडा दुसऱ्या दारी, आणि हक्काने जाब विचारावा असा नगरसेवक कुठल्याच दारी नाही.

त्यात पीएमआरडीएने २०२१ मध्ये आपल्या हद्दीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, लोकांनी हरकती घेतल्या, सुनावण्यांना हेलपाटे घातले आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. ज्यांनी जमिनीचे व्यवहार त्या नकाशाकडे बघून केले किंवा थांबवले, त्यांच्या चार वर्षांचा हिशेब कुणीच दिला नाही.

ही गावे टोकाचे उदाहरण असली तरी महाराष्ट्रातल्या शहरांची एकूण रीत याहून फार वेगळी नाही. महापालिका काही लपवते असे दर वेळी म्हणता येणार नाही. जाहिरात निघते, राजपत्रात सूचना छापून येते, संकेतस्थळावर पीडीएफ चढते. कागदोपत्री सगळे ठीक असते. फक्त ज्या वेळी माहिती कळल्याने निर्णय बदलू शकला असता, ती वेळ बहुधा टळून गेलेली असते. रस्ता खणलेला दिसला की कळते निविदा निघाली होती. बुंध्यावर करवत लागली की कळते नोटीस लागली होती. त्यामुळे नागरिकांना माहिती मिळते का, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ती कधी मिळते, हे पाहिले म्हणजे आजवरच्या कायद्यांची आणि उपक्रमांची खरी किंमत कळते.

कायद्याच्या पुस्तकात पाहिले तर शहरी नागरिकाला काही कमी नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. निर्णय लोकांच्या दाराशी यावेत, हा हेतू. प्रत्यक्षात मुंबईत ही समिती प्रशासकीय विभागाच्या पातळीवर आली. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती आणि विभाग होते २४. म्हणजे एका विभागात सरासरी पाच लाख माणसे. जवळपास अख्खे कोल्हापूर शहर. पाच लाखांच्या समितीत गल्लीतल्या गटाराचा विषय येतो, पण त्या गल्लीतला माणूस येत नाही. स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी या समित्यांवर नेमण्याची तरतूद आहे. त्या जागांवर कुणाची वर्णी लागते, हे कोणत्याही शहरातल्या जाणत्या वाचकाला सांगायला नको.

ही पोकळी भरण्यासाठी क्षेत्रसभा आली. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचे पैसे हवे असतील तर राज्यांनी लोकसहभागाचा आणि माहिती उघड करण्याचा कायदा करावा, अशी केंद्राची अट होती. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा, नगरसेवक तिचा अध्यक्ष, आणि परिसरातली कामे व त्यांचा अग्रक्रम यावर तिथे चर्चा, अशी कल्पना. कायदा झाला, केंद्राचा निधीही आला. क्षेत्रसभा मात्र महाराष्ट्रातल्या शहरांत रुजलीच नाही. गावाकडे चित्र निराळे आहे. ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि पुरेशा कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. ग्रामसभांतही गोंधळ होतो, गणपूर्ती होत नाही, सह्या घरोघर फिरवल्या जातात, हे खरेच. तरी दोन हजार वस्तीच्या गावातल्या माणसाला वर्षातून चार वेळा सभेत उभे राहून विचारण्याचा जो हक्क आहे, तो कोथरूड किंवा कांदिवलीत राहणाऱ्याला नाही. शहर मोठे झाले की नागरिकाचा हक्क लहान होतो, असा हा उलटा हिशेब आहे. वाघोलीकरांनी तो एका रात्रीत अनुभवला.

माहिती अधिकाराचे काय? महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने राज्याचा कायदा केंद्राच्या आधी आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा लागू झाला. हा कायदा म्हटले की लोकांना अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प आणि ३० दिवसांची मुदत आठवते. त्यातले चौथे कलम मात्र अर्जाची गरजच पडू नये यासाठी आहे. कार्यालयाने १७ प्रकारची माहिती आपणहून प्रसिद्ध करावी, महत्त्वाची धोरणे आखताना किंवा लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची सर्व संबंधित वस्तुस्थिती मांडावी, ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे द्यावीत, असे ते सांगते. माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने पोचवावी, असेही त्यात आहे. सूचनाफलक, वर्तमानपत्रे, इंटरनेट यांच्याबरोबर जाहीर घोषणा हा मार्गसुद्धा कायद्यात नमूद आहे. म्हणजे दवंडीलासुद्धा कायद्याचा आधार आहे. महापालिकांनी मात्र या कलमाचा अर्थ १७ पीडीएफ असा लावला. अधिकाऱ्यांची नावे, पदे, वेतनश्रेणी वर्षानुवर्षे तशीच. बदली होऊन गेलेला उपअभियंता संकेतस्थळावर अजून कामावर.

आता सभागृहाकडे वळू. महापालिकेची मुख्य सभा एरवी जनतेसाठी खुली असते. बहुमताने ठरवले तरच ती बंद दाराआड घेता येते. कार्यपत्रिका आधी निघते, विषयपत्रे जोडलेली असतात, सभेनंतर इतिवृत्त तयार होते. पण ज्यांनी महापालिकेचे वार्तांकन केले आहे त्यांना ठाऊक असते की खरा मामला कार्यपत्रिकेबाहेर असतो. ‘आयत्या वेळचे विषय’ ही त्यातली सर्वांत सोयीची वाट. सूचनेत नसलेला विषय अपवादानेच घ्यावा, अशी अपेक्षा असते; अनेक ठिकाणी अपवादांचाच गठ्ठा होतो. दुसरी वाट उपसूचनेची. मूळ विषय एखाद्या उद्यानाच्या नामकरणाचा, त्याला जोडलेली उपसूचना भलत्याच कामाच्या वर्गीकरणाची, आणि ‘मंजूर, मंजूर’च्या गलक्यात दोन्ही पार. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत काय मंजूर झाले हे बाकावर बसलेल्या नगरसेवकालाही सांगता येत नाही, तर नागरिकाला कुठून? सत्ताधारी आणि विरोधक इथे सहसा भांडत नाहीत, हेही नोंदवायला हवे. आयत्या वेळच्या विषयात दोघांचीही एखादी ओळ असते.

शहराच्या जगण्यावर सर्वांत खोल परिणाम करणारा दस्तऐवज म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यानुसार प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना देऊन प्रसिद्ध करायचा, हरकती-सूचना मागवायच्या, स्थायी समितीचे सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ यांच्या नियोजन समितीने सुनावणी घ्यायची, मग आराखडा शासनाकडे. कागदावर हा लोकसहभागाचा आदर्श वाटतो. प्रत्यक्षात वीस वर्षे चालणाऱ्या नकाशावर बोलायला मिळतात दोनेक महिने, आणि तेही सगळ्या रेघा मारून झाल्यावर.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याने हे सारे नाट्य एकदाच दाखवले. सुरुवात बरी होती. जमिनीच्या विद्यमान वापराचे नकाशे महापालिकेने आराखड्याआधीच लोकांसमोर ठेवले. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या ‘हमारा शहर विकास नियोजन अभियाना’ने त्यातल्या चुका शोधल्या, नकाशे मराठीत द्या अशी मागणी लावून धरली. एवढे होऊनही फेब्रुवारी २०१५ मध्ये जो मसुदा बाहेर आला त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते जात होते आणि वारसा वास्तूंचा पत्ता नव्हता. हजारोंच्या संख्येने हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चुका दुरुस्त करून आराखडा नव्याने करण्यास सांगितले. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, २०१८ मध्ये शासनाने त्याला मंजुरी दिली. या प्रकरणाकडे अपयश म्हणून पाहण्याची रीत आहे. खरे तर महाराष्ट्रात आराखड्याबाबत लोकांना वेळेवर कळले आणि त्याचा परिणाम झाला, असे जे मोजके प्रसंग आहेत त्यातला हा सर्वांत ठळक. लोक आधीपासून नकाशे वाचत होते म्हणूनच चुका इतक्या लवकर पकडल्या गेल्या.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचे नशीब वेगळे. २०१३ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा ८० हजारांहून जास्त हरकती आल्या. त्या ऐकणाऱ्या नियोजन समितीतच फूट पडली, २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत, महापालिका निवडणुकीच्या तोंडावर, मंजूर केला. हरकत घेणाऱ्यांपैकी कितीजणांना आपल्या हरकतीचे काय झाले हे कधी कळले? हरकतीची पोच मिळते. तिच्यावर काय निर्णय झाला आणि का झाला, हे प्रत्येकाला कळवण्याची रीत नाही. कारणे देण्याविषयीची माहिती अधिकारातली ओळ इथे कुणाला आठवत नाही.

पिंपरी-चिंचवडचे ताजे उदाहरण याला जोडून वाचावे. मे २०२५ मध्ये तिथला सुधारित प्रारूप आराखडा आला. साठ दिवसांत हरकतींचा ढीग लागला. मोशीत कत्तलखान्याचे आरक्षण दाखवले होते. आळंदीच्या इतके जवळ. वारीच्या दिवसांत त्यावर ओरड झाली आणि मुख्यमंत्र्यांनी आळंदीतच ते आरक्षण वगळण्याचे जाहीर केले. एका आरक्षणाला वारकऱ्यांचा आवाज मिळाला, त्याचा निकाल काही दिवसांत लागला. ज्यांच्या गुंठा-दोन गुंठ्यांच्या घरांवर रस्त्याची रेघ आली त्यांना मात्र रांगेत उभे राहून, अर्ज देऊन, सुनावणीच्या तारखेची वाट पाहावी लागली. कुणाची हरकत किती लवकर ऐकली जाते, याचे हे दोन नमुने एकाच नकाशावरचे आहेत.

झाडांबाबतचा कायदा १९७५ चा आहे आणि नागरिकाला कळवण्याच्या बाबतीत तो बराच स्पष्ट आहे. तोडायच्या झाडावर नोटीस लावायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, हरकतींना मुदत द्यायची, वृक्ष प्राधिकरणाने निर्णय घ्यायचा. आरे वसाहतीतल्या मेट्रो कारशेडचे प्रकरण याच कायद्याच्या चौकटीत घडले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांबाबतचा प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. परवानगीनंतर पंधरा दिवस थांबायचे असते. ते दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद पेटला. मेट्रोचे म्हणणे असे की आदेश १३ सप्टेंबरचा, पंधरा दिवस २८ सप्टेंबरलाच संपले. आंदोलकांचे म्हणणे असे की आदेश लोकांना कळला तेव्हापासून मोजा. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. कारशेड तिथे हवी की नको यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण आदेशाची तारीख आणि लोकांना कळण्याची तारीख या दोन वेगळ्या असतात, आणि प्रशासन पहिली धरते तर नागरिक दुसरी, हे इतक्या लख्खपणे एरवी दिसत नाही. पुण्यात वेताळ टेकडीवरचा रस्ता आणि मुळा-मुठेचा नदीकाठ प्रकल्प यांवरून २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले, तेव्हाही तक्रार हीच होती. एवढ्या मोठ्या योजना शहराला त्या ठरून गेल्यावर कळतात.

वेळेवर न कळण्याची सगळ्यात जबर किंमत घर घेणाऱ्याने मोजली आहे. नालासोपारा पूर्वेला ४१ इमारती उभ्या होत्या. ज्या जमिनीवर त्या बांधल्या ती वसई-विरारच्या आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि हजारो रहिवासी रस्त्यावर आले. आरक्षण गुपित नव्हते. नकाशा सरकारी होता, मंजूर होता. पण घर घेणारा माणूस सॅम्पल फ्लॅट बघतो, झोन दाखला मागत नाही. तो मागायचा असतो हे त्याला सांगायला कुणी येत नाही, आणि महापालिकेने त्या मोकळ्या जागेवर ‘ही जमीन अमुक कामासाठी राखीव’ असा साधा पत्र्याचा फलक लावला असता तर कदाचित पहिल्या इमारतीचे पहिले घरही विकले गेले नसते. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींची गोष्ट आणखी वाईट. तिथे बांधकाम परवानग्याच बनावट होत्या आणि त्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. म्हणजे ज्या ग्राहकाने खबरदारी घेऊन महारेराचा क्रमांक तपासला तोही फसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. महापालिकेने दिलेली प्रत्येक परवानगी तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता आली असती तर एवढा बनाव टिकला नसता. महारेरा आणि महापालिकांच्या संगणक यंत्रणा जोडण्याचे काम या प्रकरणानंतर, न्यायालयाच्या रेट्याने पुढे सरकले.

शेजारच्या गोव्याचा अनुभव या विषयात महाराष्ट्राला शिकवण्यासारखा आहे. तिथला २०११ चा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि डोंगर, शेती, किनारे वसाहतीसाठी खुले झालेले पाहून लोक खवळले. गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या, २०२१ च्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवून लोकांच्या सूचना मागवल्या गेल्या. इतके झाल्यावरही मागचे दार उघडे राहिले. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले आणि आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. महाराष्ट्रातही मंजूर आराखड्यात फेरबदलाची नगररचना अधिनियमाचे ३७ वे कलम ही वाट आहेच. मोठ्या आराखड्याच्या वेळी हजारो हरकती येतात; तीन वर्षांनी एखाद्या मैदानाचे आरक्षण बदलणारी चार ओळींची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर निविदांच्या शेजारी येते तेव्हा ती वाचणारे बोटावर मोजण्याइतके असतात. आणि ती वाचली तरी सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि ‘नकाशा कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल’ यापलीकडे कळते काय? तिथे ‘अमुक शाळेसमोरचे मैदान’ असे लिहायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्रात २०२२ पासून स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी सक्तीची करणारा कायदा आहे. सूचना मराठीत येते, हे मान्य; ती वाचणाऱ्याला कळावी म्हणून लिहिलेली असते, असे म्हणवत नाही.

प्रशासक राजवटीने या सगळ्यावर कडी केली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर इथे २०२० पासूनच नगरसेवक नव्हते. मुंबईत ८ मार्च २०२२ पासून, पुण्यात त्याच महिन्यात प्रशासक आले. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितले आणि अखेर २९ महापालिकांचे मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधल्या काळात मुख्य सभेचे अधिकार प्रशासकाकडे, स्थायी समितीचेही त्याच्याकडेच. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प अशा रीतीने मंजूर झाला की मांडणारे आयुक्त आणि मंजूर करणारे प्रशासक एकच. नगरसेवक असताना कारभार फार चोख होता असे कुणी म्हणणार नाही. पण सभागृहात भांडण झाले की त्याची बातमी होते, बातमी झाली की शहराला विषय कळतो. भ्रष्ट सभागृहसुद्धा नागरिकांना काहीबाही सांगून जाते. बंद दालनातली एक सही काहीच सांगत नाही. पत्रकारांना या काळात विषयपत्रासाठी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहावे लागले.

एरवी शहराला खबर देण्याचे काम केले ते वर्तमानपत्रांच्या शहर आवृत्त्यांनी आणि मूठभर संस्थांनी. मुंबईत प्रजा फाउंडेशनने नगरसेवकांची प्रगतिपुस्तके काढली: सभेला हजेरी किती, प्रश्न किती, कशाबद्दल. कुणी अख्ख्या वर्षात एकही प्रश्न विचारला नाही, कुणी रस्त्यांच्या नामकरणातच रमले, हे मतदाराला त्यातून कळले. पुण्यात सजग नागरिक मंचासारख्या संघटना माहिती अधिकारातून मिळालेले कागद लोकांसमोर ठेवत आल्या. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात कचऱ्याच्या निमित्ताने रहिवासी एकत्र आले आणि त्यातून मुंबईभर ‘एएलएम’ म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन गटांची कल्पना पसरली. २००७ मध्ये जुहूच्या नागरिकांनी तर पक्षांना बाजूला ठेवून ॲडॉल्फ डिसूझा यांना आपला उमेदवार म्हणून महापालिकेत निवडून आणले. नगरसेवकाने वॉर्डातल्या लोकांना नियमित बोलावून निधी कुठे खर्चायचा ते विचारायचे, असा तो प्रयोग. तो एका वॉर्डापुरता राहिला. हे सारे प्रयत्न मोलाचे आहेत, आणि बहुतेक सगळे सुशिक्षित, वेळ असलेल्या, निवृत्त माणसांच्या बळावर चालतात. गोवंडीच्या किंवा जनता वसाहतीच्या रहिवाशाला सुनावणीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, ही अडचण एकाही संस्थेला पुरती सोडवता आलेली नाही.

पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची प्रथा सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा; पदपथ, पथदिवे, बसथांबा, बाक अशी लहान कामे. देशात अशा प्रयोगांत पुणे पहिल्या रांगेत होते. रक्कम अंदाजपत्रकाच्या मानाने चिमूटभर असली तरी इथे नागरिक निर्णयाच्या आधी येतो, ही गोष्ट लहान नाही. दुर्दैव असे की सुचवलेले काम मंजूर झाले का, अडले तर कशामुळे, हे अर्जदाराला परत कळवण्यात महापालिका कमी पडत आली. दोन वर्षे अर्ज देऊन उत्तर न आलेला माणूस तिसऱ्या वर्षी अर्ज देत नाही.

आणि फ्लेक्स? ते तर सर्वत्र. शहरातल्या कामांची माहिती देणारे सर्वांत लोकप्रिय माध्यम तेच. ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ मंजूर झालेल्या रस्त्याचे आधी अभिनंदन, मग भूमिपूजन, मग लोकार्पण, फोटो दहा-बारा. कामाची रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे खड्डा पडला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने किती वर्षे बुजवायचा, एवढ्या चार गोष्टी मात्र त्या फ्लेक्सवर कधी दिसणार नाहीत. त्या सांगणारा फलक कामाच्या जागी असायला हवा. कुठे असतो, कुठे पहिल्या पावसात वाहून जातो.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. लोक बोलावले तरी येत नाहीत, असे ते सांगतात. हरकतींच्या ढिगात एकाच मजकुराच्या झेरॉक्स प्रती शेकड्यांनी असतात, हे खोटे नाही. आरक्षणाची माहिती फार आधी फुटली तर जमिनीचे दलाल तिचा फायदा घेतात, हा मुद्दा तर गंभीर आहे. पण दलालांना आणि बड्या बिल्डरांना ती माहिती आजही आधीच मिळते, हे आराखडा विभागाच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही विचारावे. उघड करण्याने त्यांचे काही वाढत नाही. शेजारच्या गुंठेवाल्याला तीच माहिती त्याच दिवशी मिळते, इतकाच फरक पडतो. आणि लोक येत नाहीत म्हणावे तर ज्या सभेचा विषय आधी कळत नाही तिला यायचे कशासाठी?

जानेवारी २०२६ च्या निकालांनंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत. मुंबई वगळता बहुतेक शहरांत बहुसदस्य प्रभाग आहेत. चार नगरसेवक असले की श्रेय घ्यायला चौघे आणि उत्तर द्यायला कुणीच नाही, असा अनुभव जुना आहे. तरीही नव्या सभागृहांना तीन गोष्टी कायद्याची वाट न पाहता करता येतील. मुख्य सभा आणि स्थायी समितीची कार्यपत्रिका विषयपत्रांसह नगरसेवकांना जाते त्याच दिवशी सर्वांसाठी खुली करावी. आयत्या वेळचा विषय मंजूर झाल्यास तो आयत्या वेळी का आला याचे कारण ठरावातच लिहावे. आराखड्यातल्या प्रत्येक फेरबदलाची सूचना त्या जागेवर, लोक त्या जागेला ज्या नावाने ओळखतात त्या नावासह लावावी. याला पैसा जवळजवळ लागत नाही, म्हणून पैशाची सबब चालणार नाही. क्षेत्रसभांचे काम राज्य सरकारचे आहे आणि सतरा वर्षे ते अडकले आहे. नगरविकास खाते बहुधा मुख्यमंत्र्यांकडे किंवा उपमुख्यमंत्र्यांकडे असते, तेव्हा जाब कुणाला विचारायचा याबद्दल संभ्रम नसावा.

तोवर वाचकाच्या हाती एक साधन आहे, ते फार थोड्यांना माहीत आहे. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी नागरिकांना फायली पाहू देण्याची प्रथा पडली होती. तिच्या धर्तीवर २६ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्य शासनाने निर्णय काढला: जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहता यावीत, सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर थांबायची गरज नाही. आपल्या रस्त्याची निविदा, समोरच्या भूखंडाचे आरक्षण, बाजूच्या इमारतीची परवानगी यांपैकी एका फायलीसाठी येत्या सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात जावे, आणि कारकुनाने असा काही नियम नाही असे सांगितले तर शासन निर्णयाची ही तारीख त्याला दाखवावी.